बेळगावच्या उन्हाळ्यात फुलणारं हेदर: कुफियाची लागवड, पहिल्या खड्ड्यापासून वाणाच्या पिशवीपर्यंत

माझा भाचा शिकायला एडिंबरोला गेला आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये त्यानं एका डोंगराचा फोटो पाठवला. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभळा. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे हेदर. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, दरवर्षी येतं." आठवडाभर मी तो फोटो परत परत उघडून बघत होते. आमच्या फाटकापासून तुळशीवृंदावनापर्यंत २२ फुटांची एक कड आहे. पावसाळ्यात तिथं चिखल, मार्चनंतर धूळ. त्या कडेला असं गुडघ्याखालचं, दाट, जांभळं काहीतरी फुलावं हे तेव्हाच मनात बसलं.

आज ती कड फुललेली आहे, पण कुफियानं, म्हणजे बारीक जांभळ्या फुलांच्या एका बुटक्या झुडपानं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात ज्यांना हेदरसारखं झाड हवंय त्यांनी कुफियाच लावावं असं मी मनापासून सांगते. ते कसं लावायचं आणि कसं टिकवायचं, ते खाली लिहिलंय.

खऱ्या हेदरचा नाद का सोडला

हेदरचं शास्त्रीय नाव कॅलुना व्हल्गॅरिस. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ झाडून स्वच्छ करणं, कारण त्याच्या फांद्यांचे झाडू बांधत. त्याला निकस आणि आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ६. हे वाचून मला आधी हुरूपच आला होता. जांबोटी-कणकुंबीकडची जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मीच की! पण नुसती माती जुळून भागत नाही. स्कॉटलंडचा उन्हाळा म्हणजे दुपारी २० अंशांच्या आतबाहेर, आणि हिवाळ्यात कितीतरी महिने थंडी, तेव्हा झाड विश्रांती घेतं. आपल्याकडं एप्रिलात पारा ३५-३६ वर जातो आणि त्यानंतर चार महिने उबदार ओल. हेदरची मुळं केसासारखी बारीक असतात आणि जमिनीच्या वरच्याच थरात पसरतात. माती तापली की ती सुकतात, उबदार पाण्यात राहिली की कुजतात. आपलं हवामान त्यांना एकाच वर्षात दोन्ही दाखवतं.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला पिशवीत एखादी काडी घालून आणायलाही सांगू नका. झाडं, काड्या, बिया देशात आणायच्या तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. हा नियम आपल्याच शेतांच्या भल्यासाठी आहे.

कुफिया मूळचं मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास भागातलं. बऱ्याच देशांत त्याला मेक्सिकन हेदर म्हणतात, पण हेदरच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. त्याचं घराणं मेंदीचं. डाळिंब त्याच घराण्यातलं, महाराष्ट्राचं राज्यफूल तामणही त्यातलंच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खानापूरच्या रानात लालबुंद पेटलेली दिसते ती धायटीसुद्धा. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्या डोंगरातल्या धायटीचं चुलत भावंड म्हटल्यावर इथल्या उन्हाशी त्याचं जमणारच.

नर्सरीत रोप ओळखणं

नुसतं "कुफिया द्या" म्हटलं तर कधीकधी दुसरीच जात हातात येते. लाल-नारिंगी लांबट नळीसारखी फुलं असतील तर ते दुसरं कुफिया, तेही छान असतं, पण त्याची अशी बुटकी दाट कड होत नाही. आपल्याला हवं त्याचं पान एक-दीड सेंटीमीटर लांब, अरुंद, गडद हिरवं आणि चकचकीत. काडीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं बसलेली ही पानं दुरून नेच्याच्या पातीसारखी दिसतात. फूल नखापेक्षा लहान आणि त्याला सहा पाकळ्या. एक फूल तोडून डोळ्याजवळ धरा. पाकळ्या इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या दिसतील. तामणाच्या फुलाच्या पाकळ्यांना हीच चुणी असते, घराण्याची खूणच ती. जांभळा रंग सगळीकडं मिळतो, पांढरा आणि गुलाबी शोधावा लागतो.

सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलायचा मोह आवरा. बुटकं, बुडापासून चार-पाच फाटे फुटलेलं, पानं खालपर्यंत असलेलं रोप घ्या. पिशवीच्या भोकांतून मुळ्यांचा जाड जुडगा बाहेर आला असेल तर ते फार दिवस पडून राहिलेलं आहे, ते नको. पान उलटून बघा, खाली बारीक जाळी किंवा ठिपके दिसले तर पुढच्या ओळीकडं वळा.

माझी पहिली रोपं मी खानापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणली. तिथल्या मामांनी पिशव्या रिक्षात ठेवताना सांगितलं, "अक्का, ह्याला ऊन लागू दे, वारं लागू दे, पण पाय ओले ऱ्हायले की गेलं बघा." या झाडाविषयी मी पुढं पुष्कळ वाचलं. मामांच्या या एका वाक्याबाहेरचं फार थोडं निघालं.

किती रोपं लागतील? एका ओळीला दर फुटाला एक. म्हणजे माझ्या २२ फुटांना दोन्ही टोकं धरून २३. लवकर दाट व्हायला हवं असेल तर नऊ इंचांवर लावा, पण मग वारं कमी खेळतं आणि आपल्या पावसाळ्यात ते बरं नाही. मी एक फुटावरच थांबते.

जागा आणि वेळ

रोज किमान पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत झाड मरत नाही, पण लांबोडं होतं आणि फुलं तुरळक येतात. बेळगाव शहर आणि पश्चिमेकडं दिवसभराचं ऊन चालतं. अथणी, रायबाग, गोकाककडं दुपारी तीननंतर भिंतीची किंवा झाडाची सावली मिळाली तर एप्रिल-मे सुखाचा जातो.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ आधी बघून ठेवा. पावसाळ्यात पागोळ्या जिथं पडतात तिथं माती खोदली जाते, मुळं उघडी पडतात आणि पानांवर चिखल उडून बसतो. त्या रेघेपासून निदान दीड फूट लांब लावा.

लावायची वेळ पावसावर ठरते. खानापूर, जांबोटी, बेळगाव या जोरदार पावसाच्या पट्ट्यात मृगाच्या उत्साहात लावू नका. कोवळ्या मुळांना जुलैची संततधार सोसत नाही. गणपती उठले, पाऊस ओसरला, की सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा उत्तम काळ. माती ओली आणि उबदार असते, आणि मुळांना उन्हाळ्याआधी पाच महिने मिळतात. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांत मात्र जून-जुलैमध्ये लावलेलं चांगलं. तिथं पाऊसच तुमचं पाण्याचं काम करतो.

माती: इथं घाई करू नका

या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ मातीला द्या. आपल्या जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटर गेलं की जमीन पार बदलते, त्यामुळं एकच कृती सगळ्यांना लागू पडत नाही.

आधी पाणी मुरतं कसं ते बघा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा, काठोकाठ पाण्यानं भरा आणि ते पूर्ण मुरू द्या. मग दुसऱ्यांदा भरून त्यात एक काठी उभी करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि तासाभरानं मोजा. तासाला एक-दोन इंच उतरलं तर जागा चांगली. जेमतेम अर्धा इंच उतरलं तर त्या जागेत सपाट जमिनीवर लावूच नका, वाफा उंच करायला हवा. पहिल्या भरण्याला कोरडी माती पाणी ओढून घेते आणि फसवते, म्हणून दुसरं भरणं महत्त्वाचं.

तांबड्या मातीत पाणी मुरतं, पण कस कमी असतो. तिथं वरची नऊ इंच माती खुरप्यानं मोकळी करून दर फुटाला दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. पूर्ण कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर वास मातीचा यावा, शेणाचा नाही. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. शिवाय जोराच्या पावसात तांबडी माती वाहून जाते, म्हणून वाफ्याच्या उताराकडच्या बाजूला जांभ्याच्या तुकड्यांची एक ओळ लावून घ्या. बांधकामावरचे फुटके तुकडे चालतात.

काळी माती कसदार, पण कुफियाला अवघड. पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळं तटातटा तुटतात. काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू टाकून काम होईल असं समजू नका. थोडी वाळू आणि चिकणमाती मिळून वाळल्यावर विटेसारखा गठ्ठा होतो. चांगला उपाय म्हणजे जमिनीवरच आठ इंच उंचीचा, दीड-दोन फूट रुंदीचा वाफा बांधणं. त्यात दोन भाग तांबडी माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू. खाली काळ्या मातीवर तीन इंच मुरूम पसरला तर अजून बरं. कडेला विटा उभ्या लावा, पण दर चार फुटांवर एक फट सोडा, पाणी जायला वाट हवी.

शेणखताबरोबर दर रोपाला एक मूठ निंबोळी पेंड घाला. रोप लावताना रासायनिक खत अजिबात नको.

लावणी

संध्याकाळी लावा. तासभर आधी पिशव्यांना पाणी घालून ठेवा, म्हणजे मुळांचा गोळा फुटत नाही. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडनं उभी चिरा. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी खालून हलकेच सोडवा, दोन-चार तुटली तरी चालेल. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद आणि पिशवीइतकाच खोल. गोळ्याची वरची माती आणि वाफ्याची माती एका पातळीत आली पाहिजे. खोल लावलेलं कुफिया बुडाशी कुजतं. मूठभर माती टाकत तळव्यानं दाबत जा, पायानं दाबू नका. मग झारीनं सावकाश पाणी द्या, माती बसली की जिथं खळगा पडेल तिथं थोडी भर घाला.

वर आच्छादन हवंच. आपल्याकडं उसाचं पाचट पाहिजे तेवढं मिळतं, आणि शेतकरी ते जाळतात त्यापेक्षा आपण मागून आणावं. बोटभर लांबीचे तुकडे करून दोन इंच थर द्या. खोडाभोवती मात्र दोन-तीन इंच जागा मोकळी ठेवा. खानापूरकडं पाचटाऐवजी भाताचा पेंढा चालेल. जून लागला की आच्छादन बाजूला ओढायचं, नाहीतर पावसात त्याखाली गोगलगायी घर करतात. ऑक्टोबरात परत पसरायचं.

पाणी आणि खत

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड. त्यानंतर वेळापत्रक सोडा आणि बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. आत ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी, सकाळी. रोज थोडं थोडं शिंपडल्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि एप्रिलात तीच भाजतात. तहानलेलं कुफिया आधी पानाची चकाकी घालवतं, शेंडे नंतर मान टाकतात. चकाकी गेली की त्याच दिवशी पाणी द्या.

बोअरच्या जड पाण्यानं एक वेगळा त्रास होतो. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळ जण खत कमी पडलं समजून युरिया टाकतात आणि त्रास वाढतो. क्षारांमुळं मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही, हे खरं कारण. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर आठवड्यातून एकदा तेच द्या, शेणखत वाढवा, आणि फारच पिवळं असेल तर कृषी केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

खताची याला हाव नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, दर झाडाला दोन मुठी गांडूळखत. नत्र जास्त झालं की नुसता पाला वाढतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात कुठलंच खत नको.

छाटणी

सगळी गंमत इथं आहे. कुफिया नव्या शेंड्यांवर फुलतं, त्यामुळं जितके शेंडे तितकी फुलं. लावल्यानंतर महिन्याभरानं प्रत्येक काडीचा वरचा एक इंच नखानं खुडा. फुलं असली तरी खुडा. जीवावर येतं, मला दरवेळी येतं. पण आठ-दहा दिवसांनी त्या जागी वाकून बघा. खुडलेल्या टोकाच्या खालच्या पानांच्या बगलेत मोहरीएवढे दोन हिरवे डोळे फुटलेले असतात. एका शेंड्याचे दोन झाले. अजून दोनदा असं केलं की एका काडीला आठ शेंडे मिळतात, आणि दाट गादी अशीच तयार होते.

मोठी छाटणी जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, थंडी मोडताना. उंचीचा एक तृतीयांश भाग कापा, कात्री स्पिरिटनं पुसून. वरून सपाट कापण्यापेक्षा मध्ये उंच, कडांना उतरता असा आकार द्या, खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. मार्चच्या मध्यापासून झाड फुलायला लागतं आणि वळीव येईपर्यंत थांबत नाही. दुसरी हलकी छाटणी ऑक्टोबरात, नुसती पावसात वाढलेली विस्कटलेली टोकं.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुमच्याकडून होऊ नये. दुसऱ्या वर्षी लग्नसराईच्या गडबडीत फेब्रुवारीची छाटणी राहिली. एप्रिलात वेळ मिळाला तेव्हा झाडं लांबोडी दिसत होती, म्हणून मी ती वीतभर उंचीवर, पानं नसलेल्या तपकिरी लाकडापर्यंत कापली. वर ऊन, खाली एक हिरवं पान नाही. २३ पैकी ९ झाडं परत फुटलीच नाहीत. कापल्यावर प्रत्येक फांदीवर निदान तीन-चार बोटं पानं राहिलीच पाहिजेत, आणि मार्च उलटला की मोठी छाटणी पुढच्या वर्षावर टाकायची. गंमत म्हणजे खऱ्या हेदरचा नियमही हाच आहे: फुलून झालं की छाटायचं, आणि जुन्या लाकडात कात्री घालायची नाही, तिथून ते फुटत नाही.

काय बिघडू शकतं

उन्हाळ्यात लाल कोळी, म्हणजे पानांवरची अगदी बारीक कीड. हिरवी पानं तांबूस, धुळकट दिसायला लागली की खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले तर कोळीच. नळीच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू सकाळी धुवा, तीन-चार दिवस लागोपाठ. अर्धा त्रास यानंच जातो. उरला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, आठवड्यानं परत. फवारणी दिवेलागणीला करा. दिवसभर या फुलांवर मधमाश्या असतात, त्यांच्या अंगावर काही जाऊ नये.

पावसाळ्यात माती ओली असूनही झाड कोमेजलं तर मूळ कुजलं. त्याला औषध घालत बसू नका. हिरवे शेंडे असतील तेवढे काड्यांसाठी कापून घ्या, झाड मातीसकट काढा आणि त्या जागेचा वाफा उंच करा.

मावा आला तरी पाण्यानं जातो.

गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांनी दहा-बारा इंची कुंडी घ्यावी आणि ती विटांवर ठेवावी. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की कुंडीच्या तळाची मुळं शिजतात. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी.

काड्या, बिया आणि एक विनंती

कुफियाची फळं बघण्यासारखी असतात. फूल गळल्यावर हिरवी नळी राहते, ती एका बाजूनं फाटते आणि आतला दांडा बियांसकट बाहेर वाकून येतो. बिया खाली पडतात आणि पावसाळ्यात विटांच्या फटीत रोपं उगवतात. चार-सहा पानं आली की खुरप्यानं उचलून पिशवीत लावता येतात.

याच गुणामुळं हवाई बेटांवर ते बागेतून निसटून रानात माजलं आहे. म्हणून खानापूरकडच्या लोकांना हात जोडून विनंती, विशेषतः ज्यांची घरं भीमगडच्या रानाजवळ किंवा ओढ्याकाठी आहेत त्यांना: छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा कुंपणापलीकडं टाकू नका. घरच्या खतखड्ड्यात घाला. आणि भटकी रोपं कड सोडून बाहेर दिसली की लगेच उपटा. आपल्या रानात धायटीच राहू दे.

काड्यांपासून रोपं करणं सोपं. फार कोवळी नाही, फार जून नाही, अशी वाकवली तर लवचीक राहणारी काडी निवडा, तीन इंच लांब. पानाच्या पेराखाली कापा, खालच्या निम्म्या भागातली पानं काढा, फुलं आणि कळ्या खुडा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट ओलं करून त्यात पेन्सिलीनं भोक पाडून काडी उभी करा. वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी घाला, झाकण काढून. सावलीत ठेवा. तीन ते चार आठवड्यांत हलकं ओढल्यावर काडी धरून राहते, म्हणजे मुळं फुटली. संप्रेरकाची पूड लागत नाही.

मी या काड्या ऑक्टोबरच्या हलक्या छाटणीतून करते. नोव्हेंबरात त्या पिशवीत जातात, डिसेंबरात दोनदा शेंडा खुडला जातो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तयार असतात. शेजारच्या वहिनींनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "एवढंसं फूल देवाला कसं वाहायचं?" आता त्या सकाळी एक शेंडाच खुडून वाहतात, आणि त्यांचं झाड माझ्यापेक्षा दाट आहे. तीन-चार वर्षांत जुनी झाडं बुडाशी बोडकी होतात, म्हणून दरवर्षी चार-पाच पिशव्या स्वतःसाठी राखून ठेवा. पांढरं आणि जांभळं फुलल्याशिवाय ओळखू येत नाही, तेव्हा काडी लावतानाच पिशवीवर रंग लिहा.